मुत्सद्देगिरी आणि दिलेला शब्द

आपल्या भाषेत काही शब्द असे आहेत की, त्यांचा मूळ अर्थ थोर असूनही रोजच्या वापराने त्यांवर मळ चढला आहे. 'मुत्सद्दी' हा त्यांपैकीच एक होय. पूर्वी दफ्तर सांभाळणारा, हिशेब जाणणारा, राज्याचा कारभार लेखणीच्या बळावर चालविणारा जो पुरुष, त्यास मुत्सद्दी म्हणत. आज एखाद्या मुलाने लाडवांचा डबा रिकामा करून धाकट्या भावावर आळ घातला आणि तो पचला, तर घरातील वडील मंडळी रागावण्याऐवजी कौतुकाने म्हणतात, "हा मोठेपणी चांगला मुत्सद्दी होणार!" मुलगा हे ऐकतो आणि मनाशी खूणगाठ बांधतो की, जो बेमालूम खोटे बोलतो तो मुत्सद्दी.

ही खूणगाठ घेऊनच तो इतिहासाच्या तासाला येऊन बसतो. मग उत्तरपत्रिकेत आम्हांस अशी वाक्ये वाचावयास मिळतात : 'नाना फडणवीस थोर मुत्सद्दी होते, कारण त्यांनी इंग्रजांना फसविले', 'इंग्रज थोर मुत्सद्दी होते, कारण त्यांनी मराठ्यांना फसविले', 'बिस्मार्क सर्वांत थोर, कारण त्याने सर्वांनाच फसविले'. ही वाक्ये वाचून हसू येते; पण हसून सोडून देण्याजोगी ती नाहीत. कारण ही मुले उद्या नागरिक होणार, कोणी वकील, कोणी अधिकारी, कोणी पुढारी होणार. आणि राजकारण म्हणजे कपटाची कला असे एकदा ज्याच्या मनाने घेतले, तो पुढे कपटी पुढाऱ्यास पाहून चिडणार नाही, त्याचे कौतुक करील.

असे मानणे नीतीच्या दृष्टीने अनुचित आहे हे सांगावयास आम्ही हा लेख लिहीत नाही. तेवढेच सांगितले, तर विद्यार्थी ते नीतिपाठाच्या वहीत उतरून घेतील आणि इतिहासाच्या वहीत पूर्ववत् लिहितील. आमचे म्हणणे याहून पुढचे आहे. ही समजूत इतिहास म्हणूनच चुकीची आहे. राष्ट्राराष्ट्रांतील व्यवहारात अखेर टिकून राहते ते दोन गोष्टींवर : एक, समोरच्या पक्षाचे खरे ज्ञान, आणि दुसरी, आपल्या शब्दाची पत. कपटाने एखादा डाव साधतो. पण त्या डावाची किंमत पुढे व्याजासह भरावी लागते. याचा पुरावा शोधण्यास फार दूर जावयास नको. आपल्या नाशिकपासूनच आरंभ करता येतो.

शहराच्या पश्चिमेस, गंगापूरच्या रस्त्यावर, गोदावरीच्या काठी आनंदवल्ली आहे. आज ती शहराच्या वस्तीत मिसळून गेली आहे. रघुनाथराव पेशवे ऊर्फ राघोबादादा यांचे हे आवडते वास्तव्यस्थान. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांच्या नावावरून गावास हे नाव पडले असे सांगतात. दादा शूर होते यात शंका नाही. १७५८ साली मराठ्यांच्या फौजा पंजाबात थेट अटकेच्या बाजूला गेल्या, त्या त्यांच्याच नेतृत्वाखाली. परंतु पुतणे माधवराव यांच्याशी त्यांचे पटेना. १७६८ च्या जून महिन्यात, आपल्याच जिल्ह्यातील धोडपच्या किल्ल्यापाशी, काका-पुतण्यांच्या फौजा एकमेकींवर चालून गेल्या. दादांचा पराभव झाला आणि त्यांस पुण्यास नेऊन शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवण्यात आले. पुढे माधवराव निवर्तले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा खून झाला. त्या खुनाचा दोष रामशास्त्री प्रभुणे यांनी दादांच्या माथी ठेवला. आणि बारभाईंनी नारायणरावांच्या तान्ह्या मुलाच्या नावाने कारभार हाती घेतला. दादांस घरात थारा उरला नाही. घर फिरले म्हणजे घराचे वासेही फिरतात, असे म्हणतात. येथे तर घरचा कर्ता पुरुषच घराबाहेर पडून शेजाऱ्याचे दार ठोठावू लागला.

तो शेजारी म्हणजे मुंबईकर इंग्रज. मार्च १७७५ मध्ये सुरतेस तह झाला. इंग्रजांनी अडीच हजार फौज द्यावी, तिचा खर्च दादांनी सोसावा, सहा लाखांचे जवाहीर तारण ठेवावे, आणि साष्टी व वसई इंग्रजांस तोडून द्यावी, असे ठरले. साष्टी तर इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्येच ठाण्याचा किल्ला घेऊन बळकावली होती. दादांच्या सहीने त्या बळजबरीस कागदाचा आधार मिळाला. आणि वसई? १७३९ साली दादांचे सख्खे चुलते चिमाजी अप्पा यांनी पोर्तुगीजांपासून जी वसई केवढ्या कष्टाने व केवढ्या मनुष्यहानीने जिंकून घेतली, ती त्याच घरातील पुरुषाने घरच्याच भांडणापायी लेखणीच्या एका फटकाऱ्यासरशी देऊ केली. जे एकट्याचे नव्हे ते देऊन टाकण्याचे वचन हे वचनच नव्हे. या तहाच्या मुळाशी असलेला पहिला दोष तो हाच.

आता पुढे काय झाले ते विद्यार्थ्यांनी लक्षपूर्वक पाहावे. कारण 'इंग्रज कपटाने जिंकले' या वाक्याची परीक्षा येथेच होते. १७७३ च्या नियामक कायद्याने मुंबईकरांच्या लढाईवर व तहावर कलकत्त्याच्या गव्हर्नर-जनरलचा दाब बसला होता. कलकत्तेकरांनी सुरतेचा तह रद्द ठरविला, कर्नल अप्टन यास पाठविले आणि मार्च १७७६ मध्ये पुरंदरास दुसरा तह केला. मुंबईकरांनी तो मनापासून पाळला नाही. दादांस त्यांनी आश्रय देणे चालूच ठेवले. एकाच कंपनीची दोन तोंडे दोन भाषा बोलू लागली. जानेवारी १७७९ मध्ये दादांस बरोबर घेऊन मुंबईची फौज घाट चढून आली. तळेगावापर्यंत येऊन मागे फिरली. आणि वडगाव येथे तिच्या अधिकाऱ्यांस नाइलाजाने करार लिहून द्यावा लागला. १७७३ पासून घेतलेले सर्व काही, साष्टीसुद्धा, परत करण्याचे त्यात कबूल केले होते. फौज सुखरूप मुंबईस पोहोचली आणि वरिष्ठांनी सांगितले की, असा करार करण्याचा अधिकारच कोणास नव्हता!

यास जर मुत्सद्देगिरी म्हणावयाचे, तर तिने काय मिळविले याचा हिशेब मांडला पाहिजे. युद्ध आणखी तीन वर्षे चालले. इंग्रजांनी अहमदाबाद घेतले, ग्वाल्हेर घेतले, वसई घेतली. उलट १७८१ मध्ये बोरघाटातून मागे फिरताना त्यांच्या फौजेची मराठ्यांनी दैना केली. अखेर १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाई येथे तह झाला. त्या तहाने वसई परत द्यावी लागली, पुरंदरानंतर घेतलेला मुलूख परत द्यावा लागला, आणि ज्यांच्यासाठी म्हणून हे सर्व आरंभिले त्या राघोबादादांचा पक्ष सोडावा लागला. सात वर्षे लढून इंग्रजांच्या पदरात मुख्यत्वेकरून राहिली ती साष्टी, जी त्यांच्या ताब्यात युद्धापूर्वीच होती. सुरतेचा तह मोडला, पुरंदरचा चुकविला, वडगावचा नाकारला. आणि तिन्ही वेळा शब्द फिरवून शेवटी ते जवळजवळ जेथून निघाले तेथेच येऊन उभे राहिले. बिचारे दादा महिना पंचवीस हजार रुपयांच्या नेमणुकीवर कोपरगावी येऊन राहिले व डिसेंबर १७८३ मध्ये तेथेच वारले.

या तहात लाभ कोणाचा झाला? महादजी शिंद्यांचा. वडगावच्या वेळी दोघे इंग्रज ओलीस म्हणून मराठ्यांच्या हाती राहिले होते. इंग्रजांनी करार मोडल्यावर त्या ओलिसांचा सूड घेणे सहज शक्य होते, आणि तेव्हाच्या रिवाजास धरून ते झाले असते तर कोणास नवलही वाटले नसते. महादजींनी त्यांस नीट वागविले आणि पुढे सोडून दिले. सालबाईच्या वेळी इंग्रजांनी भडोच हे संपन्न शहर महादजींस दिले, ते वडगावी त्यांनी दाखविलेल्या औदार्याची आणि ओलिसांशी केलेल्या माणुसकीच्या वर्तनाची आठवण म्हणून. त्याहून मोठी गोष्ट ही की, दोन्ही पक्षांनी तह पाळावा यासाठी जामीन म्हणून महादजींचीच योजना झाली. ज्या पुरुषाशी आपण लढलो तोच पुरुष आपला जामीन असावा, असे शत्रूस वाटणे यापेक्षा मोठा विजय रणांगणावर मिळत नाही. महादजी भोळे होते असे कोणी म्हणणार नाही. ते आपला स्वार्थ उत्तम ओळखत असत. पण आपल्या शब्दास बाजारात भाव राहिला पाहिजे हे त्यांस कळले होते, आणि म्हणूनच त्यांचा स्वार्थही साधला.

नाना फडणवीसांचीही गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण त्यांच्या नावावर आमचे विद्यार्थी नको ते कपट चढवितात. सालबाईच्या तहावर नानांनी लगेच शिक्का केला नाही. इंग्रजांविरुद्ध लढणारा हैदरअली जोपर्यंत जिवंत होता, तोपर्यंत त्यांनी तो कागद लांबणीवर टाकला. डिसेंबर १७८२ मध्ये हैदर वारला, तेव्हा आता ताणण्यात अर्थ नाही हे ओळखून मान्यता दिली. यात खोटे कोठे आहे? न दिलेला शब्द राखून ठेवणे म्हणजे शब्द मोडणे नव्हे. धीर धरणे, वेळ ओळखणे, बोलण्यापेक्षा ऐकणे अधिक, हे मुत्सद्द्याचे गुण होत. उलट नानांनी जेथे केवळ देखावा केला तेथे तो अंगाशी आला. १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणवून पुण्यास आला. त्याचा अधिकार यथातथाच होता; तथापि इंग्रजांस धाक बसावा म्हणून नानांनी त्याचा मोठा सत्कार केला. फ्रान्सची फौज काही आली नाही. मात्र युद्धास उत्सुक असलेल्या मुंबईकरांस हे चांगले निमित्त सापडले.

सेंट लुबिनचे हे प्रकरण आपणांस दुसऱ्या मुद्द्याकडे नेते, तो म्हणजे ज्ञानाचा. नानांची बातमीदारी प्रसिद्ध आहे. दिल्ली, हैदराबाद, श्रीरंगपट्टण, कोठे काय शिजते आहे ते पुण्यास कळत असे. परंतु समुद्रापलीकडची बातमी? कंपनी म्हणजे कोण, तिचे संचालक कोण, पार्लमेंट तिच्यावर किती हुकूम चालविते, फ्रान्स आणि इंग्लंड यांचे वैर कोठवर जाईल, हे पुण्यात बसून कळण्याची सोय नव्हती. लंडनमध्ये पुणे दरबाराचा कायमचा वकील कधीच नव्हता. इकडे इंग्रजांनी १७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट यास पुण्यास रेसिडेंट म्हणून आणून बसविले. मुळा-मुठेच्या संगमावर राहून त्याने अकरा-बारा वर्षे दरबारातील माणसे, त्यांचे हेवेदावे, त्यांची कर्जे, त्यांचे स्वभाव यांचा अभ्यास केला. ज्याने आपले घर आतून पाहिले आणि ज्याचे घर आपण बाहेरूनही पाहिले नाही, त्याच्याशी बरोबरीने बोलणी कशी व्हावीत?

आश्चर्य असे की, या बाबतीत पहिले पाऊल टाकले ते आनंदवल्लीच्या राघोबादादांनीच. त्यांनी आपले वकील विलायतेस पाठविले. हणमंतराव नावाचे एक ब्राह्मण आणि मनियार रतनजी हे पारशी त्यांत होते. १७८१ मध्ये हे लोक लंडनमध्ये होते. त्या शहरात त्यांची फार गैरसोय होऊ लागली. आपल्या आचाराप्रमाणे स्वयंपाक व पूजा करण्यास जागा मिळेना. तेव्हा पार्लमेंटचे प्रसिद्ध सभासद व वक्ते एडमंड बर्क यांनी त्यांस आपल्या बीकन्सफील्ड येथील घरी नेले आणि झाडे ठेवण्याचे आपले काचघर त्यांच्या सोवळ्यासाठी मोकळे करून दिले. दूर देशीच्या पाहुण्याचा आचार आपल्याहून भिन्न आहे म्हणून त्यास न हसता त्याची सोय करून देणारा तो इंग्रज आणि समुद्रापलीकडे जाऊन परक्यांच्या कारभाराची वाट शोधणारे ते दोघे हिंदी पुरुष, या तिघांविषयीही आमच्या मनात आदर आहे. परंतु त्यांनी जे पाहिले-ऐकले, त्याचा उपयोग करून घेणारे दफ्तर येथे निर्माण झाले नाही. त्यानंतर मराठ्यांचा असा वकील लंडनमध्ये दीर्घकाळ राहिला तो रंगो बापूजी गुप्ते. पदच्युत केलेल्या साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडण्यास ते १८४० च्या सुमारास गेले आणि तेरा-चौदा वर्षे तेथे झगडले. पण तोपर्यंत पेशवाई बुडून वीस वर्षे झाली होती; आणि ते तेथे असतानाच, १८४८ साली, साताऱ्याचे राज्यही खालसा झाले. ज्ञान आले, पण ते राज्य राखण्यासाठी नव्हे. गेलेल्या राज्याची कैफियत मांडण्यासाठी.

शब्दाची पत गेली म्हणजे काय होते, हे राघोबादादांच्या पुत्राने दाखविले. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पराभव केल्यावर दुसरे बाजीराव वसईस पळाले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी इंग्रजांशी तह केला. सहा हजारांची इंग्रजी फौज आपल्या राज्यात कायम ठेवावी, तिच्या खर्चासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख द्यावा, आणि इंग्रजांस विचारल्यावाचून इतर कोणाशी बोलणे करू नये! बापाने गावे दिली होती. मुलाने जीभच गहाण ठेवली. ज्या राजास परक्याशी बोलण्याची मुभा नाही त्यास मुत्सद्दी ठेवून तरी काय उपयोग? पुढे बाजीराव एका हाताने तहावर सही करीत आणि दुसऱ्या हाताने तो मोडण्याची तयारी करीत. जुलै १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन, जे इंग्रजांच्या हमीवर आले होते, त्यांचा पंढरपुरात खून झाला. वकिलाच्या जिवास धोका नाही, हा राजकारणातला सर्वांत जुना नियम. तो क्षेत्राच्या ठिकाणी मोडला गेला. संशय बाजीरावांचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर आला. ते ठाण्याच्या तुरुंगात पडले, सप्टेंबर १८१६ मध्ये तेथून निसटले, आणि १८१८ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, निफाड तालुक्यातील अहेरगाव येथे पकडले गेले. त्यांस चुनारच्या किल्ल्यात ठेवले. लोकांच्या मनात त्रिंबकजींच्या धाडसाविषयी कौतुक राहिले आणि ते साहजिकही आहे. परंतु त्या धाडसाने धन्याची पत परत आली नाही.

येथे न्यायाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मे १८१७ मध्ये एल्फिन्स्टन याने पुण्याभोवती फौज उभी करून सिंहगड, पुरंदर व रायगड हे किल्ले तारण मागितले, आणि जून महिन्यात तहावर सही घेतली. मानेवर सुरी ठेवून घेतलेली सही हीही मुत्सद्देगिरी नव्हे. पाच महिन्यांच्या आत, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीस तोफा धडाडल्या, यावरूनच त्या कागदाची किंमत कळते. इंग्रज जिंकले ते त्यांचा शब्द अधिक पवित्र होता म्हणून नव्हे. त्यांची फौज अधिक शिस्तीची, खजिना अधिक भरलेला, आणि आपल्याविषयीचे त्यांचे ज्ञान आपल्या त्यांच्याविषयीच्या ज्ञानाहून पुष्कळ अधिक होते म्हणून. त्यांच्या गुणांस गुण म्हणावे, अन्यायास अन्याय म्हणावे. पण अन्यायास गुण समजून त्याचे अनुकरण करू नये, एवढेच आमचे सांगणे.

कोणी वडील माणूस येथे म्हणेल, "गुरुजी, हे सर्व ठीक आहे; पण युरोपाकडे पाहा. बिस्मार्कने तारेतील मजकूर काटून जर्मनीचे साम्राज्य उभे केले, आणि चेंबरलेन भला माणूस असून फसला." दोन्ही उदाहरणे विचारात घेण्याजोगी आहेत. जुलै १८७० मध्ये एम्सहून आलेल्या तारेचा मजकूर बिस्मार्कने असा आखडून छापविला की, फ्रान्सला तो अपमान वाटावा. फ्रान्सने युद्ध पुकारले, ते हरले, आणि १८ जानेवारी १८७१ रोजी व्हर्सायच्या आरसेमहालात जर्मन साम्राज्याची द्वाही फिरली. पण फ्रान्सच्या मनात जे शल्य राहिले ते निघाले नाही. २८ जून १९१९ रोजी त्याच आरसेमहालात पराभूत जर्मनीच्या वकिलांस सही करावी लागली. आणि त्या तहातही सूडाचा अंश होताच. त्याने जर्मनीत जो संताप माजला त्याचे भांडवल हिटलरने केले.

राहिले चेंबरलेन. ३० सप्टेंबर १९३८ रोजी म्युनिक येथे त्यांनी शांततेसाठी करार केला आणि मार्च १९३९ मध्ये हिटलरच्या फौजा प्रागमध्ये शिरल्या. येथे सचोटी हरली असे म्हणतात. आमच्या मते सचोटी नव्हे, ज्ञान हरले. हिटलरने त्याआधी किती वचने मोडली होती हे जगास ठाऊक होते. ज्याची पत बुडाली आहे त्याच्याशी नुसत्या कागदावर व्यवहार करणे हा भलेपणा नव्हे, तो गाफीलपणा होय. शिवाय म्युनिकला जो मुलूख दिला गेला तो चेंबरलेन यांचा नव्हता. ज्या चेकोस्लोव्हाकियाचा तो होता त्यास त्या बैठकीत जागाच नव्हती. सुरतेच्या तहातील वसई वाचकांस येथे आठवेल. जे आपले नव्हे ते देऊन विकत घेतलेली शांतता टिकत नाही, हा नियम गोदावरीच्या काठी आणि ऱ्हाईनच्या काठी सारखाच लागू आहे.

मग अनुकरण करावे असा पुरुष कोण? आम्ही एका शिक्षकाचेच नाव घेतो : फर्ग्युसन कॉलेजचे प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास ते विलायतेस गेले तेव्हा त्यांचे वय तीस होते. त्याच वेळी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या सोल्जरांच्या वर्तनाविषयी इकडून त्यांस पत्रे गेली, आणि त्यांच्या आधारे त्यांनी तेथे जाहीरपणे गंभीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. लोकांचे हाल झाले नव्हते असे नव्हे. पण त्या विशिष्ट आरोपांच्या पुष्ट्यर्थ कोणी पुढे येईना. तेव्हा गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. स्वकीयांनी त्यांची निर्भर्त्सना केली. त्यांचे सार्वजनिक जीवन संपले असेच अनेकांस वाटले. ती माफी आवश्यकतेहून अधिक होती की काय, याविषयी आजही मतभेद होऊ शकेल. परंतु पुढे काय झाले? जो मनुष्य सिद्ध न होणारा शब्द स्वतः मागे घेतो, त्याचा न मागे घेतलेला शब्द वजनदार ठरतो. १९०२ पासून वरिष्ठ कायदे कौन्सिलात त्यांची अर्थसंकल्पावरील भाषणे सुरू झाली. प्रत्येक आकडा तपासलेला, प्रत्येक विधान तोललेले. मिठावरील जड कराविरुद्ध त्यांनी सरकारच्याच आकड्यांचा पुरावा उभा केला. १९०३ मध्ये तो कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. सर्व श्रेय त्यांचे नव्हे. पण त्यांच्या आकड्यांस उत्तर देणे सोपे नव्हते.

याच गोखल्यांची मुत्सद्देगिरी १९१२ मध्ये जगाच्या व्यासपीठावर दिसली. दक्षिण आफ्रिकेत करारावर मजुरीस गेलेल्या हिंदी लोकांवर, करार संपल्यावर तेथेच राहिल्यास, वर्षास तीन पौंडांचा कर होता. गरीब कुटुंबास तो चिरडून टाकणारा होता. गोखले तेथे गेले, जनरल बोथा व जनरल स्मट्स यांस भेटले, आणि कर रद्द होईल असे आश्वासन मिळाल्याचे त्यांनी गांधीजींस सांगितले. पुढच्या वर्षी तेथील सरकारने असे आश्वासन दिलेच नव्हते अशी भूमिका घेतली. आश्वासन तोंडी होते, कागद नव्हता. पण गोखले खोटे बोलणार नाहीत, हे लक्षावधी लोकांस ठाऊक होते. म्हणून त्या नकाराने हिंदुस्थान पेटून उठले. गांधीजींच्या सत्याग्रहात खाणींतील व मळ्यांतील मजूर सहस्रावधी सामील झाले. खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी नोव्हेंबर १९१३ मध्ये मद्रासेस त्या लोकांविषयी उघड सहानुभूती दाखविली. आणि १९१४ मध्ये तो कर कायद्याने रद्द झाला. फौज नाही, खजिना नाही, राज्यही नाही. अशा देशाच्या प्रकृतीने दुर्बल असलेल्या एका प्रतिनिधीजवळ होते ते अभ्यासाचे ओझे आणि शब्दाची पत. तेवढ्यावर त्यांनी काय साधले ते पाहावे आणि सहीशिक्क्यांनी भरलेल्या बाजीरावांच्या तहनाम्यांशी त्याची तुलना करावी.

हे सर्व विद्यार्थ्यांच्या काय कामाचे, असे कोणी विचारील. प्रत्येकास राजदूत व्हावयाचे नाही हे खरे. पण वाटणीपत्रावर सही, भागीदारीचा करार, गावच्या पाण्याचा तंटा, हे प्रसंग प्रत्येक घरी येतात. दोघां भावांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ, ही म्हण पेशव्यांच्याच घरापुरती नाही. तेव्हा घरचा वाद घरात मिटविण्याची खटपट शेवटपर्यंत करावी. सही करण्यापूर्वी कागद पूर्ण वाचावा. जे एकट्याचे नाही ते देण्याचे कबूल करू नये. समोरच्याची भाषा, कायदा आणि गरज समजून घ्यावी. आणि 'होय' म्हणण्यास वेळ लागला तरी चालेल, पण म्हटल्यावर ते फिरवू नये. परकी भाषा शिकणे म्हणजे केवळ परीक्षेचे गुण मिळविणे नव्हे, हेही यावरून कळावे. जी गोष्ट पुणे दरबाराजवळ नव्हती, ती आज शाळेच्या बाकावर बसलेल्या मुलामुलींच्या हाती सहज येते.

पालकांस आमची एकच विनंती आहे. मुलाने चतुराईने खोटे बोलून वेळ मारून नेली, तर त्यास 'मुत्सद्दी' ही पदवी देऊ नये. ज्या दिवशी तो दोन भांडणाऱ्या मित्रांमध्ये बसेल, दोघांचे ऐकून घेईल, आणि दोघेही 'हा सांगेल ते आम्हांस मान्य' असे म्हणतील, त्या दिवसासाठी ती राखून ठेवावी. सालबाईस दोन राज्यांनी महादजींस जे स्थान दिले, ते हेच होते.